पट्टा लावला, पण ‘टक्’ वाजलं का?

आपल्या गटांच्या या कार्यक्रमात मी नेहमी बोलते ते बचतीवर, कर्जावर, हप्त्यांवर. आज मात्र गाडीतल्या सीटच्या पट्ट्याविषयी बोलणार आहे. तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, आमच्या दारात गाडी नाही, आम्हाला काय त्याचं? पण लग्नाला, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला, देवाला, प्रदर्शनाला आपण भाड्याच्या गाडीतच बसतो की नाही? मग ऐका.

मागच्या हिवाळ्यात आम्ही जिल्ह्याच्या प्रदर्शनाहून परत येत होतो. पापड, शेवया, चटण्या बऱ्यापैकी खपल्या होत्या, सगळ्या खुशीत होत्या. गाडी आमच्याच गटातल्या एका ताईची. गटाचं आणि बँकेचं कर्ज काढून तिनं मुलासाठी पिवळ्या पाटीची सात सीटची नवी गाडी घेतली, तिला जेमतेम वर्ष झालं होतं. निघताना मी सगळ्यांना पट्टे लावायला लावले. आमच्या काकू, वय साठीच्या पुढं, त्या काही ऐकेनात. “मागं बसल्यावर कशाला गं? जीव गुदमरतो.” मी हट्टच धरला, स्वतः वाकून त्यांचा पट्टा लावला आणि मागच्या ओळीत जाऊन बसले.

फलटणच्या अलीकडं अंधारात एक उसाची ट्रॉली उभी होती. तिला मागं दिवा नाही, चमकती पट्टीही नाही. पोरानं करकचून ब्रेक मारला. ट्रॉलीला गाडी लागली नाही, देवाची कृपा. पण काकूंचा पट्टा सुटला आणि त्या पुढच्या सीटच्या दांड्यावर आदळल्या. कपाळाला पाच टाके पडले. दवाखान्यात पट्टी बांधून घेताना त्या मला एवढंच म्हणाल्या, “बाई, पट्टा तर तूच लावला होतास ना?”

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. माझ्या शब्दाखातर त्यांनी पट्टा लावला होता. आणि पुढच्या बैठकीत तर वेगळंच ऐकायला मिळालं. त्या पट्ट्याचं लॉक कधीकधी आपोआप सुटतं, हे गाडी चालवणाऱ्या पोराला माहीत होतं! त्यानं सर्व्हिसिंगला दोनदा सांगितलंही होतं. आम्हाला मात्र सांगितलं नाही. का, तर “भाडं बुडेल” म्हणून. त्याची आई बैठकीत रडायला लागली. बाकीच्या बायका तिच्यावर तुटून पडल्या. एकजण म्हणाली, “पट्टा लावून असं होत असेल तर न लावलेलाच बरा.” मला सगळ्यात भीती वाटली ती या वाक्याची.

कारण पट्टा न लावणं बरं नाहीच. 2022 च्या सप्टेंबरची 4 तारीख आठवा. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. भारीतली गाडी होती. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. मागच्या सीटवरचे दोघे गेले, आणि त्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. मागं बसलं म्हणजे धोका नाही, ही समजूत त्या दिवशी पुष्कळ जणांची गेली.

एसटीत उभं असताना ड्रायव्हरनं ब्रेक मारला की आपण कसे पुढं फेकले जातो? गाडी थांबते, अंग थांबत नाही. ते थांबवायला पट्टा. एक पट्टा खांद्यावरून छातीवर आणि एक कमरेवरून, असा तीन ठिकाणी धरणारा पट्टा 1959 मध्ये स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत निल्स बोहलिन नावाच्या इंजिनिअरनं तयार केला. आज आपल्या गाड्यांत आहे तो त्याच घडणीचा. पट्टा एका डबीत गुंडाळलेला असतो. हळू ओढला की सैल येतो, जोरात हिसका बसला की डबीच्या आत खिट्टी पडते आणि तो जागेवर धरतो. दुसऱ्या टोकाला पत्र्याची जीभ असते, ती लॉकमध्ये घातली की ‘टक्’ असा आवाज येतो. डबी, पट्टा आणि लॉक, या तिन्हींतलं एक जरी बिघडलं तरी अंगावर नुसती फीत राहते.

आणि बिघडतं हो. अमेरिकेत 1995 मध्ये टकाटा या जपानी कंपनीच्या पट्ट्यांमुळं ऐंशी लाखांहून जास्त गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या. दोष काय, तर लॉकवरचं ते लाल बटण. त्याचं प्लॅस्टिक उन्हानं ठिसूळ व्हायचं, तुकडे आत पडायचे आणि लॉक धड लागायचं नाही. आपल्याकडं डिसेंबर 2022 मध्ये मारुती सुझुकीनं सियाझ, ब्रेझा, अर्टिगा, एक्सएल 6 आणि ग्रँड विटारा मिळून 9,125 गाड्या स्वतःहून परत बोलवल्या होत्या. पुढच्या सीटच्या पट्ट्याची खांद्याजवळची उंची कमीजास्त करतात त्या भागात दोष असण्याची शक्यता होती. म्हणजे मोठ्या कारखान्यातसुद्धा चूक होते. ती कबूल करून दुरुस्त केली तर त्यात कमीपणा नाही.

आपल्या गाड्यांत मात्र कारखान्याच्या चुकीपेक्षा आपले उद्योग जास्त. नवी गाडी आली की पहिल्यांदा सीटकव्हर घालतात, आणि मागची लॉकं जातात कव्हराखाली! पाच-पाच वर्षं ती उजेड बघत नाहीत. मग पोरांनी सांडलेले शेंगदाणे, चुरमुरे, चहा, प्रसादाचा खडीसाखरेचा खडा, सगळं त्या फटीत. उंदीर पट्टा कुरतडतात. एका गाडीत तर मी कुरतडलेला पट्टा शिलाई मशिनवर दोरा मारून जोडलेला पाहिला. बायांनो, आपण शिवणकाम करणाऱ्या. पिशवीचा बंद आणि माणसाचा जीव तोलणारा पट्टा यातला फरक आपल्याला कळायला हवा. फाटलेला पट्टा शिवायचा नाही, बदलायचा. मोठ्या अपघातातून गेलेल्या गाडीचे पट्टेही तपासून बदलून घ्यायचे, वरून धडधाकट दिसले तरी.

आणखी एक प्रकार. पट्टा लावला नाही की नव्या गाड्या पीं-पीं करतात. तो आवाज बंद करायला नुसतीच एक पत्र्याची जीभ मिळते, ती लॉकमध्ये खोचून ठेवायची. गाडीला वाटतं पट्टा लावलाय. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रीच्या पाच मोठ्या कंपन्यांना या क्लिपा विकायची बंदी केली, तेव्हा 13,118 ठिकाणच्या जाहिराती काढाव्या लागल्या. शंभर-दोनशे रुपये देऊन आपणच गाडीला फसवायचं. काय म्हणावं याला! गाडीत अशी क्लिप दिसली तर काढायला लावा.

आता गाडीत बसताना काय बघायचं ते सांगते, दोन मिनिटांचं काम आहे. पट्टा पूर्ण बाहेर ओढा, कुठं विरलाय, कुरतडलाय का बघा. सोडला की आपोआप गुंडाळला जायला हवा. मग एकदम हिसका द्या, बहुतेक गाड्यांत तो तिथंच अडायला हवा. लॉकमध्ये जीभ घाला, ‘टक्’ ऐका आणि वर जोरात ओढून बघा. बटण दाबल्याशिवाय सुटता कामा नये, आणि बटण दाबल्यावर अडकूनही बसता कामा नये. मळलेला पट्टा कोमट पाण्यात साधा साबण घालून पुसायचा, पूर्ण बाहेर काढून चिमट्यानं धरून सावलीत वाळवायचा. ब्लीच नको. लॉकमध्ये तेल तर अजिबात नको, त्याला धूळ चिकटते.

पट्टा अंगावर कसा बसतो तेही बघा. खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. पदर, शाल, स्वेटर त्याच्याखाली गोळा झालं की तो सैल पडतो, म्हणून पदर आधी नीट करा आणि मग पट्टा ओढून घ्या. पोटुशी बाई असेल तर खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर, आणि वरचा दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूनं. लेकराला मांडीवर घेऊन दोघांना मिळून एक पट्टा कधीच लावू नका. ब्रेक लागला की आपल्या अंगाचा सगळा भार त्या लेकरावर येतो.

आता पुन्हा आमच्या बैठकीकडं येते. भांडण चालू असताना मी पोराला विचारलं, दोनदा सांगितलंस म्हणतोस, कागद कुठाय? त्यानं सर्व्हिसिंगची दोन्ही जॉबकार्डं आणून दिली. एकावर ऑइल बदलणे, धुलाई. दुसऱ्यावर चाकांचं अलाइनमेंट. पट्ट्याचा शब्द कुठंच नाही! काउंटरवरचा माणूस “बघतो, बघतो” म्हणाला आणि हा परत आला. आपण गटात दहा रुपयांचा दंडसुद्धा वहीत लिहितो. पंचसूत्रीत हिशेबाच्या नोंदी आहेत त्या काय उगाच? आणि लाखो रुपयांच्या गाडीची, माणसाच्या जिवाची तक्रार तोंडी!

त्याच बैठकीत अर्ज लिहायला बसलो. गाडीचा नंबर, आरसी बुकावरचा चेसिस नंबर, खरेदीची तारीख, किती किलोमीटर झाले, कोणत्या सीटचा पट्टा, नेमकं काय होतं, कधी कधी झालं, काकूंना काय इजा झाली. लॉक न लागतानाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. दोन प्रती काढल्या, एक द्यायला आणि एकीवर पोच घ्यायला. शोरूमवाल्यानं पोच द्यायला नकार दिला. “मागच्या पट्ट्याचं एवढं काय ताई, कोण लावतं?” असं माझ्या तोंडावर म्हणाला. मी म्हटलं, आम्ही लावतो. अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवला, कंपनीच्या ईमेलवर पाठवला आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तिथं मराठीत बोलता येतं. तीन आठवड्यांत शोरूममधून बोलावणं आलं आणि लॉक वॉरंटीत फुकट बदलून मिळालं. जुन्यात काय बिघाड होता ते मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. जुनं लॉक मागितलं, तेही दिलं नाही. याचा मला अजून राग आहे.

यानं काम झालं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोग होताच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. पिवळ्या पाटीची गाडी म्हणजे धंद्याची, तिला ग्राहक कायदा कसा लागेल, असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून चालवायला घेतलेल्या गाडीचा मालक कायद्यानं ग्राहकच असतो.

आणि ज्यांची गाडी सात वर्षांच्या आतली आहे त्यांच्यासाठी आणखी एक सोय आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 ला कलम 110 अ आलं, त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. एकाच मॉडेलच्या सुरक्षेच्या दोषाबद्दल, विकलेल्या गाड्यांच्या प्रमाणात ठराविक तक्रारी जमल्या, तर सरकार त्या गाड्या परत बोलवायला लावू शकतं. तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवर करायची असते. म्हणजे तिथं तक्रारी मोजल्या जातात. आपण न लिहिलेली तक्रार मोजली जात नाही. कंपनीनं आधीच गाडी परत बोलवली आहे का, हे कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून कळतं. पोरीबाळींना मोबाइलवर बघायला सांगा.

राहता राहिला दंड. पट्टा न लावल्याबद्दल कायद्यात हजार रुपये आहे. पोलीस दिसला की पट्टा छातीवर धरून बसणारेही मी पाहिलेत, त्यांच्यावर बोलण्यात वेळ घालवत नाही.

त्या पोरानं काकूंच्या घरी जाऊन माफी मागितली. गटानं ठरवलं की गाडी आपल्या भाड्यावर ठेवायची, पण निघण्याआधी सातही पट्टे आपण तपासायचे आणि एखादा नादुरुस्त असेल तर त्या सीटवर माणूस बसवायचा नाही, फार तर पापडाची खोकी ठेवायची. काकू आता गाडीत शिरल्या की आधी कव्हराखालून लॉक उकरून काढतात आणि मागं वळून ओरडतात, “वाजलं का गं सगळ्यांचं?”

तुमच्यापैकी कुणाच्या घरच्या, भावाच्या, जावयाच्या गाडीचा पट्टा नीट लागत नसेल तर आरसी बुक आणि जुनी जॉबकार्डं घेऊन येत्या मंगळवारी दुपारी दोनला आपल्या गटाच्या कार्यालयात या. अर्ज लिहायला मी बसणार आहे. येता येणार नसेल तर हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या, पुन्हा सांगते, एक नऊ एक पाच.