शनिवार-रविवारची वाईन सहल आणि द्राक्षबागाईतदार

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या विषयपत्रिकेवर 'वाईन पर्यटन' हे शब्द पाहून काही जणांना हसू आले. कांद्याचा भाव, वीजबिल, कर्ज हे सोडून शहरवाल्यांच्या सहलीची चर्चा आपण कशाला करायची, असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पण ही सहल आपल्याच शिवारातून जाते. लोक पैसे मोजतात ते आपल्या वेली पाहायला, आणि त्या पैशाच्या हिशेबात वेल लावणाऱ्याचे नाव कोठेच नाही. म्हणून हा विषय घेतला.

गेल्या हंगामात आम्ही सहा कार्यकर्ते एका शनिवार-रविवारी गंगापूर धरणाच्या अंगाने दिंडोरीपर्यंत वायनऱ्या पाहत फिरलो. तिकीट काढून, पाहुणे म्हणून. मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागली होती. तरुण पोरेपोरी, म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन आलेली कुटुंबे, सगळे होते. आधी स्टीलच्या टाक्या दाखवतात, मग लाकडी पिंपांची थंड खोली, मग चार-पाच पेल्यांत घोट-घोट वाईन. पेला कसा धरायचा, कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा, हे एक पोरगा समजावून सांगतो. जेवण तिथेच, मुक्काम तिथेच. चव पाहण्याचे तिकीट शेकड्यांत, खोलीचे भाडे हजारांत. आम्ही त्या पोराला विचारले, "हा माल कोणाच्या बागेतला?" तो म्हणाला, "आमच्या शेतकऱ्यांचा." आणि पुढच्या टाकीकडे वळला.

त्याचा दोष नाही. त्याला तेवढेच शिकवलेले आहे.

धंदा कसा वाढला

महाराष्ट्रात वाईनचा मोठा कारखाना १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला काढला. नाशिकला सुलाची वायनरी २००० साली सुरू झाली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले. २००५ च्या सुमारास पाहुण्यांसाठी चव पाहण्याची खोली उघडली गेली, पुढे राहण्याच्या खोल्या आल्या, गाण्याबजावण्याचे मेळे आले. 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. खडकाळ माळावर गुंतवणूक आली, गावच्या पोरांना नोकऱ्या लागल्या. हे चांगले झाले, आणि ते चांगले झाले असे आपण मोकळेपणाने म्हणावे. कोणी धंदा केला, नफा केला, म्हणून त्याच्या नावाने बोटे मोडणे ही आपल्या चळवळीची रीत नाही.

पण हिशेब मांडण्याची रीत आपली आहे. एक किलो द्राक्षापासून साधारण ६०० ते ७०० मिलिलिटर वाईन निघते. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सव्वा किलोच्या आतबाहेर माल जातो. किलोला पन्नास रुपये धरा, बाटलीत शेतकऱ्याचे साठेक रुपये. तीच बाटली पाहुण्याला कित्येक शेकड्यांना पडते. आता कोणी म्हणेल, बघा केवढी लूट! सगळी लूट नाही. काच आहे, बूच आहे, थंड ठेवण्याची वीज आहे, महिनोन्‌महिने अडकलेले भांडवल आहे, सरकारचा कर आहे, दुकानदाराचे कमिशन आहे. आम्ही जे बोट ठेवतो ते दुसऱ्या जागी.

एकच गिऱ्हाईक असलेला माल

खाण्याचे द्राक्ष आणि वाईनचे द्राक्ष यांत काय फरक आहे हे येथे बसलेल्यांना सांगायला नको, पण इतर तालुक्यांतील भावांसाठी सांगतो. थॉमसनचा मणी मोठा, बिनबियांचा, पातळ सालीचा. व्यापाऱ्याने पाडून मागितला तर निर्यातदार पाहता येतो. तोही नाही म्हणाला तर बेदाणा करता येतो. शिराझ, काबर्ने, सॉव्हिन्यॉ ब्लांक, शेनिन ब्लांक यांचे मणी बारीक, बी असलेले. लाल वाणांची साल जाड. गोडी २२-२४ ब्रिक्सपर्यंत चढली की तोडायचे, आणि तोडले की लगेच गाळायला द्यायचे. बाजारात त्याला कोणी हात लावत नाही, बेदाणाही होत नाही. वायनरीने गाडी पाठवली नाही तर माल वेलीवरच सुकतो.

वेल लावली की पंधरा-वीस वर्षे उभी राहते. तिच्यासाठी अँगल, तार, ठिबक, औषधे यांचे कर्ज शेतकऱ्याच्या नावावर. करार मात्र बऱ्याच ठिकाणी दोन-चार वर्षांचा, काही ठिकाणी नुसता तोंडी. जोखीम कोणाच्या गळ्यात आहे ते पाहा.

हे भय काल्पनिक नाही. २००८ साली जगात मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांतील गिऱ्हाईक आटले. टाक्या भरलेल्या राहिल्या. त्यानंतरच्या हंगामांत वायनऱ्या अडचणीत आल्या, काही बंद पडल्या, पैसे थकले, आणि आपल्याच जिल्ह्यात शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली मुळासकट उपटल्या. शेतकी कॉलेजात आम्हाला एकरी टन वाढवायला शिकवले. एकच गिऱ्हाईक असलेला माल विकायचा कसा, याचा तास कधी झाला नाही.

फ्रान्समध्ये काय झाले

द्राक्षवाल्यांवर अशी वेळ जगात पहिल्यांदा आली असे नाही. ज्या देशाचे नाव घेऊन आपल्याकडे वाईनचा थाट मांडतात त्या फ्रान्सच्या दक्षिण भागात १९०७ साली भाव पार बसले होते. माल उदंड, आणि त्यात साखर-पाणी मिसळून केलेली खोटी वाईन बाजारात. आर्जेलिए या खेड्यातील मार्सेलिन आल्बेर या साध्या द्राक्षवाल्याने ११ मार्चला ८७ लोक घेऊन सुरुवात केली. ९ जूनला माँपेलिए शहरात लाखोंची सभा भरली. नार्बोनला सैन्याने गोळ्या घातल्या, माणसे मेली. बेझिएच्या १७ व्या पलटणीच्या जवानांनी, जे त्याच शेतकऱ्यांची पोरे होते, बंड केले. अखेर २९ जूनला भेसळीविरुद्ध कायदा झाला. १९८० साली कांद्या-उसासाठी याच नाशिक जिल्ह्यात रस्त्यावर बसलेल्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

पण त्याच भागातील मारोसां गावच्या शेतकऱ्यांनी त्याआधीच, १९०१ मध्ये, एकत्र येऊन आपली वाईन थेट पॅरिसच्या कामगारांच्या सहकारी दुकानांना विकायला सुरुवात केली होती. आज तिकडे सहलीला जाणारा माणूस रस्त्याकडेची पाटी पाहून शेतकऱ्याच्या वाड्यात शिरतो आणि त्याच्याच हातची बाटली घेतो. शरद जोशींनी १९९१ साली चतुरंग शेती सांगितली, त्यातली माजघर शेती ती हीच: माल कच्चा विकू नका, घरात त्यावर प्रक्रिया करा, मग विका. आपल्याकडे परवान्यांच्या जंजाळात दोन एकरवाल्याला स्वतःच्या द्राक्षाची शंभर बाटल्या वाईन करून विकणे जमेल काय? कागदांच्या आणि खर्चाच्या ओझ्याखालीच तो दबेल.

मायबहिणींसाठी दोन शब्द

१९८६ साली चांदवडला लाखो बायका जमल्या आणि पुढे महिला आघाडीने दारूदुकाने बंद करण्यासाठी लढा दिला. त्यातल्या काही आज येथे बसल्या आहेत. दारूपायी घर कसे बसते हे त्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही, आणि पिण्याचा प्रचार करायला आम्ही येथे उभे नाही. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला. मोठे वादळ उठले, निर्णय अडकून पडला. त्या वादात शेतकऱ्याचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले. पण करार किती वर्षांचा, पैसे किती दिवसांत, हे एकाही बाजूने विचारले नाही. आपल्या नावाने भांडण झाले, आणि आपला प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

काय करायचे

खरड छाटणीच्या आत प्रत्येक तालुक्याने पुढील कामे करावीत.

एक. वायनरीला माल देणाऱ्यांची गावनिहाय यादी करा. एकेकट्याने सही करू नका, गटाने करा. करार मराठीत, लेखी, निदान दहा वर्षांचा. त्यात उत्पादनखर्च भरून निघेल असा किमान भाव, पैसे देण्याची तारीख, आणि तारीख चुकली तर व्याज.

दोन. गोडी बागेतच, दोघांच्या देखत मोजायची. रिफ्रॅक्टोमीटर गटाचा स्वतःचा असावा. काटाही देखतच.

तीन. वायनरी पाहुण्यांना बाग दाखवते त्या तिकिटात माल देणाऱ्या गटाचा वाटा मागा, आणि बाटलीवर गावाचे नाव मागा.

चार. वायनरीच्या दारात पाहुण्यांची वाट पाहत बसू नका. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले आहे. शेतकऱ्याला पर्यटन खात्याकडे नोंदणी करता येते. दोन खोल्या, चुलीवरचे जेवण, बागेतून फेरी, बेदाणा आणि ताजा रस. शनिवारी वायनरीत गेलेला माणूस रविवारी आपल्याकडे येईल. या पैशाचा हिशेब घरच्या लक्ष्मीच्या हाती असावा.

पाच. छोट्या शेतकऱ्याला स्वतःच्या बागेतील मालाची वाईन करण्याचा परवाना सोपा आणि स्वस्त करा, अशी मागणी ठरावाने पाठवा. आम्हाला अनुदान नको, वाट अडवू नका एवढेच.

शहरातला माणूस पैसे घेऊन आपल्या बांधापर्यंत आला आहे. कांद्याच्या बाजारात असे कधी झाले नाही. तो बांधावरून तसाच परत जाऊ द्यायचा की घरात बोलवायचा, हे आजच्या बैठकीने ठरवावे. ठराव वाचून दाखवतो. मान्य असेल त्यांनी हात वर करावा, आणि ज्यांनी हात वर केला त्यांनी यादीचे काम उद्या सकाळी सुरू करावे.