दाओची वाईन आणि आपले द्राक्षमळे

आष्ट्याच्या शिवारात ऊस उभा असतो. कृष्णा ओलांडून पलूस-तासगावकडे गेलं, की द्राक्षबागा लागतात. त्या बागायतदारांनी ऐकावी अशी एका पोर्तुगीज वाईनची गोष्ट आज सांगणार आहे. वाईन घ्यावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आपण बोलू ते ती पिकवणाऱ्यांविषयी.

पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या मध्यभागात दाओ हा डोंगरांनी वेढलेला प्रदेश आहे. ग्रॅनाइटची हलकी, निचऱ्याची जमीन. बऱ्याचशा बागा 400 ते 500 मीटर उंचीवर. रात्रीच्या गारव्यामुळे द्राक्ष सावकाश पिकतं, गोडी भरली तरी आंबटपणा टिकतो. तोरिगा नासिओनाल ही तिथली मानाची जात. मणी बारीक, साल जाड, उत्पन्न बेताचं. खायच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून आपण घड जीएत बुडवतो. तिथं मणी बारीकच हवा, कारण तांबड्या वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. चांगली दाओ वाईन जड नसते. तिला फुलांचा मंद वास असतो, जांभळासारखा पण सौम्य तुरटपणा असतो. भपका नाही, घरंदाजपणा आहे. वर्षानुवर्षं ती बाटलीत मुरत जाते.

या प्रदेशाची हद्द सरकारनं 1908 मध्ये आखून दिली. शेतकरी मात्र आपल्यासारखेच, तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीचे. 1940 नंतरच्या काळात, सालाझारच्या राजवटीत, द्राक्षं घेऊन वाईन करण्याचा हक्क सहकारी संस्थांपुरता राखून ठेवला गेला. लहान शेतकऱ्याला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं, पण चांगला-वाईट माल एकाच टाकीत पडू लागला. चांगलं पिकवण्यात फायदा उरला नाही आणि वाईन रुक्ष, बेचव झाली. 1986 मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला, त्यानंतर ही मक्तेदारी मोडली. मग लहान मळेवाले आपल्या नावानं बाटल्या भरू लागले आणि दाओची जुनी चव परत आली.

आपल्याकडे 2001 च्या राज्य धोरणानंतर पलूसला वाईन पार्क उभं राहिलं, वाईनच्या द्राक्षांच्या बागा लागल्या. 2008 च्या मंदीनंतर मागणी घटली, आणि अनेकांना त्या बागा काढून टाकाव्या लागल्या. तो घाव अजून बुजलेला नाही. बाजार पडला हे खरंच. पण मंदीतही गिऱ्हाईक नाव घेऊन मागेल, अशी आपल्या मातीची चव तयार व्हायला तेवढा अवधीच मिळाला नव्हता.

सहकारानं आपल्याला उभं केलं, हे सांगली जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. दाओची गोष्ट सहकाराच्या विरोधातली नाही. सरसकट भावाच्या विरोधातली आहे. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे गावाचं नाव मालाला लागलं. आता त्या नावाला शोभेल असा माल पिकवणाऱ्याच्या पदरात दोन पैसे जास्त पडायला हवेत. वजनकाट्याशेजारी चवीचंही माप ठेवलं, तरच हे होईल.