हुंडणावळीचा ताळा



छत्तीस वर्षें मीं मुलांना अंकगणित शिकविलें. पाटीवरचें उत्तर बरोबर आलें, तरी "ताळा घेतलास काय?" असें विचारल्यावांचून मीं कोणास पुरे गुण दिले नाहींत. असें असून गेल्या वर्षीं माझ्याच हातून एक ताळा घ्यावयाचा राहिला. आजचें भाषण त्याविषयीं आहे.

माझा एक पुतण्या संगणकाच्या आज्ञावली लिहितो. हातमागाचीं लुगडीं विकणाऱ्या एका व्यापाऱ्यासाठीं त्यानें एक आज्ञावली तयार केली. परदेशच्या गिऱ्हाइकास रुपयांतली किंमत डॉलरांत सांगावयाची, आणि माल परत आल्यास डॉलर परत करावयाचे, एवढेंच तिचें काम. "काका, गणित तेवढें तपासा," असें तो म्हणाला. मीं पेन्सिल घेऊन वीस भागाकार केले व "सर्व बरोबर" असा शेरा दिला.

समजण्यास सोपे जावेत म्हणून दर पूर्णांकांत सांगतों. डॉलरचा दर ८० रुपये असतांना एका बाईंनीं १६,८०० रुपयांचें लुगडें मागविलें व २१० डॉलर भरले. पुढें दर ८४ झाला. पुतण्यानें आज्ञावलींतला ८० हा आंकडा पुसून तेथें ८४ लिहिला. त्यानंतर बाईंनीं लुगडें परत पाठविलें. यंत्रानें १६,८०० ला ८४ नीं भागून २०० डॉलर परत केले. भागाकारांत तिळमात्र चूक नव्हती; पण बाईंचे दहा डॉलर बुडाले. त्यांचें रागाचें पत्र आलें. व्यापाऱ्यानें ते दहा डॉलर तत्काळ पाठविले, क्षमाहि मागितली. मात्र त्या बाईंनीं पुन्हां त्याच्याकडे कांहीं मागविलें नाहीं.

दोष कोठें होता? दर हा हिशेबाच्या पोटांत लिहिलेला होता. नवा दर लिहितांच कालचा दर नाहींसा झाला, आणि कालच्या व्यवहारालाहि आजचा दर लागला. वास्तविक हुंडणावळीच्या दराला तारखेवांचून कांहीं अर्थ नाहीं. ६ जून १९६६ रोजीं रुपयाचें अवमूल्यन झालें, तेव्हां डॉलरचा सरकारी दर ४ रुपये ७६ पैशांवरून एकदम ७ रुपये ५० पैशांवर गेला. त्या सुमाराचें बिल हातीं आलें, तर आधीं तारीखच पाहावी लागेल.

यावर उपाय सोपा आहे. पेढीवर दोन कारकून बसले आहेत अशी कल्पना करा. पहिल्याचें काम दर सांगण्याचें. त्याला तीन गोष्टी सांगावयाच्या: कोणतें चलन द्यावयाचें, कोणतें घ्यावयाचें, आणि दर कोणत्या दिवसाचा हवा. दुसऱ्याचें काम हिशेबाचें. त्याला एकहि दर पाठ नसावा. त्यानें पहिल्यास विचारावें, गणित करावें, आणि वापरलेला दर तारखेसह बिलावर टिपून ठेवावा. उद्यां दर दुसऱ्या बँकेकडून आणावयाचे ठरलें, तर पहिला कारकून बदलावा; दुसऱ्याच्या वहीला हात लावण्याचें कारण पडत नाहीं.

ताळा घेण्याची सोयहि यांतूनच होते. बाजाराचा दर रोज हलतो. त्यावर आलेलें उत्तर चुकलें, तर चूक रीतींत आहे कीं दरांत, हें कळावें कसें? म्हणून परीक्षेपुरता पहिल्याच्या जागीं एक सोंगाचा कारकून बसवावा. विक्रीच्या दिवसाचा दर विचारला तर त्यानें ८० सांगावा, परतीच्या दिवसाचा विचारला तर ८४. मग दुसऱ्यास विचारावें, "बाईंना किती डॉलर परत द्यावयाचे?" उत्तर २१० आलें पाहिजे, आणि हजार वेळां विचारलें तरी तेंच आलें पाहिजे. हा एक ताळा मीं घेतला असता, तर तें पत्र आलें नसतें. मीं भागाकार तपासले. भाजक कोणत्या दिवसाचा, हें विचारलें नाहीं.

दुसरी गोष्ट अपूर्णांकाची. १ एप्रिल १९५७ रोजीं आपल्याकडे दशमान नाणीं आलीं. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एका आण्याचे सव्वासहा पैसे होत. कायद्यानें जवळचा पैसा धरावयाचा, म्हणून सहा. दोन आण्यांचे साडेबारा. अंतर दोहोंकडे सारखें असेल तर खालचा पैसा, म्हणून बारा. तीन आण्यांचे एकोणीस. आतां सोळा मुलांनीं एकेका आण्याची पेन्सिल घेऊन सहा सहा पैसे दिले, तर होतात शहाण्णव. त्याच सोळा पेन्सिली एकानें घेतल्या, तर शंभर. म्हणून अपूर्णांक केव्हां व कसा सोडावयाचा, हा नियम एकाच जागीं, उघड लिहिलेला असावा, आणि त्याचाहि ताळा घ्यावा.

शिवाय सर्वांचीं नाणीं सारखीं नसतात. जपानच्या व्यवहारांत येनहून लहान नाणें आज नाहीं. कुवेतच्या एका दिनारचे हजार फिल्स होतात. सर्वांना शंभरानें गुणणारी आज्ञावली तेथें फसते. संगणकाची आणखी एक खोड आहे. त्याच्या नेहमींच्या द्विमान अपूर्णांकांत एक दशांश तंतोतंत बसत नाहीं; आपल्या दशांश पद्धतींत एक तृतीयांश बसत नाहीं, तसेंच तें. यासाठीं रक्कम लहानांत लहान नाण्यांच्या पूर्णांकांत, म्हणजे पैशांत किंवा सेंटांत, ठेवणें बरें.

पुतण्यानें आतां ती आज्ञावली नव्यानें लिहिली आहे. तिच्यांत कांहींहि बदल केला, कीं सारे ताळे आपोआप पुन्हां घेतले जातात. त्यांतला पहिला ताळा मीं सांगून घातलेला आहे: लुगडें १६,८०० रुपयांचें, विक्रीचा दर ८०, परतीच्या दिवशीं ८४, परत द्यावयाचे डॉलर २१०. तो जुळला नाहीं, तर पुढें जावयाचें नाहीं. माझ्या वर्गांतहि नियम हाच होता. तो मास्तरांनाहि लागूं होतो, एवढें मला साठी उलटल्यावर कळलें.