गर्भातील मेंदूची बांधणी



मेंदूच्या पृष्ठभागावरील करड्या आवरणास प्रमस्तिष्क बाह्यक असे म्हणतात. त्याची जाडी अवघी २ ते ४ मिलिमीटर असते. भाषा, गणित, विवेक या साऱ्यांचा आधार असलेल्या या आवरणात सुमारे १,६०० कोटी चेतापेशी सहा थरांत रचलेल्या असतात. परंतु या पेशी आज जेथे दिसतात तेथे त्या जन्मलेल्या नसतात, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना नवी वाटेल.

गर्भ दोन महिन्यांचा होण्याच्या सुमारास मेंदूच्या आतील पोकळीच्या काठाशी चेतापेशी जन्मू लागतात आणि तेथून बाहेरच्या पृष्ठभागाकडे निघतात. पास्को राकिच यांनी १९७२ साली माकडाच्या गर्भाच्या अभ्यासातून दाखविले की, पोकळीपासून पृष्ठभागापर्यंत ताणलेल्या लांबट पेशींना धरून, मांडवाच्या काठीवर वेल चढावा तशा त्या वर चढतात. या ‘काठ्या’ स्वतःच नव्या चेतापेशींना जन्म देतात, हे पुढे उघड झाले. प्रवासाचा क्रमही विलक्षण आहे. आधी निघालेल्या पेशी खालच्या थरात थांबतात आणि मागून येणाऱ्या त्यांना ओलांडून वरच्या थरात जातात. पंक्तीत असे कोणी केले तर आपण त्यास अशिष्ट म्हणू. येथे मात्र तोच नियम आहे.

हा नियम जनुकांत लिहिलेला असतो. शासनाच्या प्रत्येक कार्यालयात नियमपुस्तिका एकच असते, परंतु कोणते कलम केव्हा लागू करावयाचे हे प्रसंगावर ठरते, पेशींचेही तसेच. सर्व पेशींत जनुके तीच असतात. कोणते जनुक केव्हा जागे व्हावे आणि केव्हा निजावे, यावर पेशीचे भवितव्य ठरते.

याचा पुरावा एका उंदराने दिला. १९५१ साली एडिंबरो येथे फाल्कनर यांनी झोकांड्या खात चालणाऱ्या उंदरांचे वर्णन केले. त्यांच्या मेंदूतील थर जवळजवळ उलटे लागलेले होते. मागून आलेल्या पेशी आधीच्या पेशींना ओलांडू शकल्या नव्हत्या. त्याचे कारण असलेले जनुक १९९५ साली सापडले. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला रीलिन म्हणतात. पृष्ठभागालगतच्या पेशी ते स्रवतात आणि वर येणाऱ्या पेशींना आपापल्या जागी थांबण्याची खूण त्यातून मिळते.

माणसातही अशी उदाहरणे आहेत. सतराव्या गुणसूत्रावरील ‘लिस-१’ हे जनुक १९९३ साली ओळखले गेले. पेशी पुढे सरकताना तिचे केंद्रक ओढून नेणाऱ्या यंत्रणेत त्याचे प्रथिन काम करते. त्याच्या दोनपैकी एक प्रत बिघडली तरी पेशी वाटेत अडकतात, मेंदूला नेहमीच्या घड्या पडत नाहीत व तो गुळगुळीत राहतो. अशा बालकास लहानपणीच झटके येऊ लागतात आणि त्याची वाढ फार मागे पडते. १९९८ साली ‘क्ष’ गुणसूत्रावर सापडलेल्या ‘डबलकॉर्टिन’ जनुकातील बिघाडाने मुलग्यांचा मेंदू असाच होतो. मुलींत मात्र काही पेशी निरोगी प्रत वापरतात व काही सदोष. त्यामुळे निम्म्या वाटेवर थांबलेल्या पेशींचा दुसराच पट्टा मेंदूच्या आत तयार होतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. असे मूल जन्मले की घरात आणि गावात बोट दाखविले जाते ते आईकडे: ग्रहण पाळले नाही, अमुक खाल्ले. ‘लिस-१’ चा बिघाड बहुतेक वेळा आई वा वडील कोणाकडूनही आलेला नसतो. तो नव्यानेच घडलेला असतो. डबलकॉर्टिनचा दोष आईकडून येऊ शकतो, पण तोही तिच्या वागण्याने नव्हे. अशा कुटुंबास दोष देण्याऐवजी जनुकीय सल्ल्यासाठी मोठ्या रुग्णालयाकडे पाठविणे हे शिक्षकाचे आणि सरपंचाचेही काम आहे.

मग आपल्या हाती काहीच नाही काय? आहे, आणि ते स्वयंपाकघरात आहे. अवटु ग्रंथीचा रस चेतापेशींच्या केंद्रकात जाऊन अनेक जनुके चालू-बंद करतो. रीलिनच्या निर्मितीवरही त्याचा परिणाम होतो. हा रस बनण्यास आयोडीन लागते. गर्भाची स्वतःची ग्रंथी चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास पुरेशी कामाला लागेपर्यंत तो केवळ आईकडून मिळतो, आणि पेशींचा प्रवास तर त्याआधीच सुरू झालेला असतो. आईच्या आहारात आयोडीन फारच कमी असेल, तर निर्दोष जनुकांनाही वेळेवर हुकूम पोचत नाही.

आपल्या देशात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. १९९२ साली त्याच्या नावात गलगंडाऐवजी आयोडीन न्यूनता विकार आले, कारण प्रश्न केवळ गळ्याच्या गाठीचा नव्हता. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असले पाहिजे. पण मीठ उघड्या भांड्यात, चुलीशेजारी, दमट जागी ठेवले तर ते कमी होते. झाकणाची बरणी पुरते. गरोदरपणाची नोंद पहिल्या १२ आठवड्यांत व्हावी असा आरोग्य खात्याचा आग्रह असतो, तो याही कारणाने योग्य आहे. नोंदीच्या त्याच भेटीत घरातले मीठ कोणते, हे विचारून घ्यावे. तपासणीचे साधन जवळ असल्यास चिमूटभर मिठावर द्रावणाचा थेंब टाकावा. आयोडीन असेल तर मीठ निळसर-जांभळे होते.