अंगालगतचा कपडा : मैदानाची पहिली तयारी

(वार्षिक क्रीडादिनी पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते सहायक शिक्षक, बी.ए., बी.एड. आहेत.)



क्रीडादिनाच्या भाषणात खेळाचे महत्त्व सांगण्याचा प्रघात आहे. ते महत्त्व आपण सर्व जाणता, म्हणून त्यात वेळ दवडीत नाही. आज मी एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे खेळताना अंगाला लागून असलेला आतला कपडा. बाजारात त्याला कोणी ‘इनर’ म्हणतात, कोणी ‘ड्राय-फिट’ म्हणतात. मुलगा मैदानावर जाऊ लागला की पालक त्याच्या बुटांची चौकशी करतात, बॅट नाहीतर फुटबॉल घेऊन देतात. आतल्या कपड्यासाठी मात्र जुने बनियान पुरे समजले जाते. मुलींच्या बाबतीत याहून वाईट घडते. अंगभर पोशाखात खेळायचे कसे, याचे उत्तर न मिळाल्यामुळे आठवी-नववीत कित्येकींचे मैदानच सुटते. हा कपडा कसा निवडावा हे नीट कळले, तर या दोन्ही गोष्टी टळतील असे माझे नम्र मत आहे.

प्रथम आपल्या जिल्ह्याच्या हवेचा विचार करू. गोंदियात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. रोवणीच्या दिवसांत हवा इतकी दमट असते की दोरीवरचे कपडे वाळता वाळत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान दहा अंशांच्याही खाली उतरते. पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण या तिन्ही ऋतूंत धावत असतो. त्याला कडक ऊन, दमट उकाडा आणि बोचरी थंडी या तिन्हींशी गाठ घालावी लागते, आणि तिन्ही वेळी त्याच्या कातडीला लागून असतो तो हाच कपडा.

आता शरीराचे काम पाहू. आपण धावतो तेव्हा स्नायूंत निर्माण होणाऱ्या शक्तीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ही उष्णता घालविण्यासाठी अल्लाहतआलाने आपल्याला घाम दिला आहे. जोराच्या व्यायामात तासाला एक लिटर किंवा त्याहून अधिक घाम येऊ शकतो. एक लिटर घाम वाफ होऊन उडाला म्हणजे शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. खोलीच्या तापमानाचे सात-साडेसात लिटर पाणी उकळीला आणण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढीच ही होय! परंतु विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. जो घाम थेंब होऊन जमिनीवर पडला तो वाया गेला. जो उडाला त्यानेच शरीर थंड केले. म्हणून घाम कातडीवरून उचलून पसरवील आणि लवकर उडू देईल, तोच कपडा खेळाडूचा.

हे काम कापड कसे करते? घरातला कंदील आठवा. रॉकेल वातीतून आपोआप वर चढते, कारण वातीच्या धाग्यांमध्ये केसासारख्या बारीक वाटा असतात. चांगल्या खेळाच्या कापडातही तंतूंच्या मधून अशाच वाटा असतात. घाम त्या वाटांनी आतून बाहेरच्या बाजूस येतो, पातळ पसरतो आणि उडतो. इथे तंतूचा स्वभावही महत्त्वाचा असतो. साधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा स्वतःच्या तंतूत धरून ठेवतो, लोकर सुमारे सोळा टक्के, नायलॉन चार टक्के, तर पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. याचा अर्थ असा की कापूस घाम पितो आणि सोडत नाही. पॉलिस्टर घाम पीत नाही, पुढे पाठवितो.

आपण विदर्भाचे लोक कापसाचा अभिमान बाळगणारे. तो अवश्य बाळगावा. कोरड्या उन्हाळ्यात बाजारात जाताना किंवा शेतावर काम करताना सैल सुती कपड्यासारखे सुख नाही. तो ओला राहतो आणि कोरड्या वाऱ्यात हळूहळू गारवाही देतो. परंतु दमट दिवसांत अर्धा तास धावल्यावर सुती बनियान भिजून जड होते, अंगाला चिकटते, काखेत आणि मांडीत कातडी सोलून काढते. थंडीच्या पहाटे धावणे थांबताच तेच ओले बनियान अंगातील ऊब ओढून घेते. जोराच्या खेळासाठी सुती आतला कपडा नको असे मी म्हणतो ते यासाठी.

सर्व पॉलिस्टर चांगले, असा मात्र याचा अर्थ कोणी घेऊ नये. शाळेच्या गणवेशाचे टेरिकॉट, चकाकणारे साटीन, घट्ट विणलेले बुरख्याचे कापड यांतही पॉलिस्टर असते, पण त्यांत हवा खेळत नाही. कापडात तंतू कोणता आहे यासोबत वीण कशी आहे हेही पाहावे लागते. मालेगाव, भिवंडी, कामठी येथील आपल्या विणकर बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या माग चालविले. कापड पारखणे ही आपल्या समाजाला परकी विद्या नव्हे. ती विद्या दुकानात वापरण्याचे काही सोपे उपाय सांगतो.

पहिला उपाय : कापड उजेडासमोर धरा. खेळाचे पातळ कापड विणीचे असते आणि त्यात बारीक छिद्रे दिसतात. आपल्याकडे ‘डॉट-निट’ म्हणून मिळते ते याच जातीचे. वजन विचारायचे तर दुकानदाराला ‘जीएसएम’ विचारा. म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममध्ये वजन. १०० ते १४० च्या दरम्यानचे कापड आतल्या कपड्यासाठी योग्य. साधा सुती टी-शर्ट बहुधा १६० ते २०० चा असतो.

दुसरा उपाय : कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. पलीकडे हातावर वारा लागला पाहिजे.

तिसरा उपाय : दुकानदाराची परवानगी घेऊन आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब क्षणात पसरला तर कापड घाम पुढे नेईल. मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर ते ठेवून द्या, मग त्यावर कोणतेही नाव छापलेले असो.

चौथा उपाय : कपडा उलटा करून शिलाई पाहा. शिलाई चपटी असावी, उभी कडा नसावी. ती हाताच्या आतल्या बाजूवर घासून पाहा. जे दुकानात टोचते ते पाच किलोमीटरनंतर रक्त काढते. मानेमागची चिठ्ठी टोचत असेल तर ती कापून टाकावी.

पाचवा उपाय : कापड ताणून सोडा. ते मूळ जागी आले पाहिजे. त्यासाठी पॉलिस्टर किंवा नायलॉनमध्ये थोडा लायक्रा असलेला बरा. कपडा अंगाला लागून असावा. श्वास घेताना छाती आवळणारा नसावा.

विद्यार्थी मित्रांनो, हीच परीक्षा तुम्ही विज्ञान प्रदर्शनासाठीही करू शकता. सुती बनियान, टेरिकॉट आणि डॉट-निट यांच्या सारख्या मापाच्या पट्ट्या कापा. त्यांची टोके शाई मिसळलेल्या पाण्यात सोडून पट्ट्या उभ्या टांगा. दहा मिनिटांत शाई किती सेंटिमीटर वर चढली ते मोजा आणि नंतर कोणती पट्टी आधी वाळते ते पाहा. पुस्तकातील केशाकर्षणाचा धडा त्यानंतर पाठ करावा लागणार नाही.

पातळ कपड्याने थंडीत काय होणार, अशी शंका पालकांना येईल. आपल्या वडीलधाऱ्यांचे जाळीचे बनियान आठवा. १९३३ साली नॉर्वेच्या सैन्यातील हेन्रिक ब्रुन या अधिकाऱ्याने मासे पकडण्याच्या जाळ्यापासून असेच बनियान तयार केले. जाळीच्या घरांत हवा अडकून ऊब राहते आणि घामाला बाहेर जाण्यास वाट मिळते. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील गिर्यारोहकांनीही जाळीची बनियाने वापरली होती. मात्र आतला कपडा एकटा थंडी अडवीत नाही. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारपीट आणि थंड पाऊस झाला. अंगावर पातळ कपडे असलेल्यांपैकी २१ धावपटू गारठून मरण पावले. तेव्हा हिवाळ्यात पातळ इनरवर स्वेटर किंवा जाकीट घालून मैदानावर जावे, अंग तापल्यावर ते काढावे, आणि धावणे संपताच आतला ओला कपडा बदलावा. पिशवीत एक कोरडा कपडा ठेवला तर मैदानावरून थेट नमाजला जाणाऱ्यांचीही सोय होते.

भरतीच्या तरुणांना एक कळकळीची सूचना. घाम अधिक यावा, वजन उतरावे म्हणून काही जण प्लास्टिकसारखे जाकीट घालून उन्हात धावतात. त्यातून पाणी उतरते, चरबी उतरत नाही. १९९७ साली अमेरिकेत वजन उतरविण्याच्या अशाच खटपटीत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर प्राणास मुकले आणि तेथे कुस्तीगीरांच्या रबरी पोशाखावर बंदी आली. आपल्याच राज्यात जून २०१४ मध्ये मुंबई पोलीस भरतीच्या पाच किलोमीटरच्या धावेत काही उमेदवार कोसळून मरण पावले. पुढे धावेचे अंतर कमी झाले. आज पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. उष्णतेची थट्टा करू नका. चांगला कपडा पाण्याची जागा घेत नाही, आणि हवा ओलाव्याने भरलेली असेल तर कोणताही कपडा घाम उडवू शकत नाही. सराव पहाटे करा, उन्हाची सवय दहा-पंधरा दिवसांत हळूहळू लावा. रमजानमध्ये जोराचा सराव इफ्तारनंतरच ठेवा.

आता माता-भगिनींसाठी. ‘मुलगी मोठी झाली, आता पोशाखाचे कसे?’ हा प्रश्न खोटा नाही, आणि त्याला चिडून उत्तर देऊ नये. त्याला उत्तर आहे. अमेरिकेतील कुलसूम अब्दुल्ला या वेटलिफ्टर भगिनीला अंगभर कपडे घालून वजन उचलायचे होते. कोपर आणि गुडघा सरळ झाला की नाही हे पंचांना दिसले पाहिजे, अशी अडचण होती. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग महासंघाने नियम बदलला आणि पोशाखाच्या आत अंगाला बसणारा पूर्ण कपडा घालण्यास मुभा दिली. त्याच वर्षी त्या पाकिस्तानतर्फे जागतिक स्पर्धेत उतरल्या. पातळ आणि अंगालगत बसणाऱ्या कपड्याने पंचांचीही सोय झाली आणि त्यांचीही. त्याआधी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत बहरीनच्या रुकय्या अल-गसरा यांनी डोके झाकून २०० मीटर धावण्याचे सुवर्णपदक जिंकले होते. फुटबॉलमध्ये २०१४ पासून आणि बास्केटबॉलमध्ये २०१७ पासून डोके झाकून खेळण्यास आंतरराष्ट्रीय नियमांची आडकाठी राहिलेली नाही.

आपल्या मुलींसाठी पोशाख असा करावा : आत पूर्ण बाह्यांचा पातळ इनर आणि तशाच कापडाची लेगिंग, त्यावर सैल, मांडीपर्यंत येणारी जर्सी आणि सैल ट्रॅक पँट. पातळ कपडा घामाने भिजला की आरपार दिसतो, म्हणून पांढरा टाळावा. राखाडी किंवा आकाशी घ्यावा. बाहेरची जर्सीही छिद्रांच्या विणीचीच हवी, नाहीतर आतल्या कपड्याने बाहेर आणलेला घाम तेथेच अडून बसेल. डोक्यासाठी टाचणी न लागणारा, एकसंध, ताणणारा हिजाब त्याच पातळ कापडाचा असावा. टाचणी खेळात धोक्याची. मुलांनीही हाफ पँटच्या आत गुडघ्यापर्यंतची पातळ टाइट घालावी. नाभीपासून गुडघ्यापर्यंतचे सत्र राहते आणि मांड्या घासत नाहीत. परदेशात रेशमी इनरही मिळतात. पुरुषांना रेशीम वर्ज्य असल्याने त्या वाटेस आपण जाण्याचे कारण नाही.

खर्चाची काळजी करू नका. मोठ्या नावाचा आग्रह नसेल तर साध्या डॉट-निटचा कपडा दोन-अडीचशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि असे दोन कपडे पुरतात. खेळून आल्याबरोबर उलटा करून थंड पाण्याने धुवावा, कारण पॉलिस्टरला घामाचा वास लवकर धरतो. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव वापरू नये, त्याने त्या बारीक वाटा बुजतात. गरम इस्त्री लावू नये. सावलीत तो झटपट वाळतो.

पालक बंधु-भगिनींनो, मुलाला वेगवान करणे कपड्याच्या हाती नाही. ते सरावाचे काम आहे. पण कातडी सोलली म्हणून सराव सोडणारा मुलगा आणि पोशाखाचा मार्ग सापडला नाही म्हणून घरी बसलेली मुलगी, या दोघांचे नुकसान आपल्याला टाळता येते. या वर्षी ईदचे कपडे घ्याल तेव्हा दुकानात पाण्याच्या थेंबाची परीक्षा एकदा करून पाहा, आणि मुलीच्या मापाचाही एक कपडा घ्या. मैदान तिचीही वाट पाहत आहे.