रस्ते सर्वांचे, नकाशा कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार अकोले तालुक्यात रात्रीच्या अंधारात पाण्यात गेली आणि तिच्या चालकाला प्राण गमवावे लागले. मोबाईलवरील नकाशाने जवळचा म्हणून दाखविलेला रस्ता पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात बुडालेल्या पुलावरून जात होता, अशी हकीकत त्या वेळी वृत्तपत्रांतून आली. पूल पाण्याखाली असल्याचे परिसरातील लोकांना ठाऊक होते. परंतु त्यांचे ज्ञान नकाशापर्यंत पोचलेले नव्हते. तेथे धोक्याचा फलक लावणे हे शासनाचे काम होते, हे खरेच. तथापि आणखी एक प्रश्न उरतो. लाखो वाहनचालक ज्या नकाशावर विसंबून गाडी हाकतात, त्या नकाशावर त्यांचा अधिकार कोणता? चूक कळविता येते. ती स्वीकारावयाची की नाही, हे कंपनी ठरविते.

या नकाशाचे मोल कोठून येते, हे प्रथम पाहिले पाहिजे. बर्लिनमधील कलावंत सायमन वेकर्ट याने ९९ जुने मोबाईल एका हातगाडीत घातले आणि ती गाडी ओढीत तो रस्त्यांवरून फिरला. रस्ता मोकळा होता, पण गुगलच्या नकाशावर तो लाल झाला. वाहतूक तुंबल्याचा इशारा उमटला. २०२० च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने एक गोष्ट उघड केली. वाहतुकीची जी माहिती कंपनी ‘सेवा’ म्हणून देते, तिचा कच्चा माल रस्त्यावरच्या प्रत्येक प्रवाशाच्या खिशातून येतो. उत्पादन समाजाचे आणि मालकी खासगी, असा हा व्यवहार आहे. शिवाय वापरणारे जितके अधिक, तितकी माहिती अचूक. आणि माहिती जितकी अचूक, तितके वापरणारे अधिक. अशा बाजारात मक्तेदारी आपोआपच बळावते. ‘वेझ’ या ॲपचा नकाशा असंख्य स्वयंसेवकांनी दुरुस्त करीत नेला होता. २०१३ मध्ये गुगलने ती कंपनी सुमारे १०० कोटी डॉलरना विकत घेतली. राबणाऱ्या स्वयंसेवकांची मालकी त्यात नव्हती. सबब त्यांची संमती विचारण्याचाही प्रश्न आला नाही.

‘पण हे सारे फुकट तर मिळते!’ असे उत्तर नेहमी दिले जाते. आपल्या सेवेत गुगलचा नकाशा वापरणाऱ्या छोट्या संस्थांना या फुकटपणाचा अर्थ २०१८ मध्ये कळला. तोवर दिवसाला २५,००० नकाशे विनामूल्य दाखविता येत. ती मर्यादा महिन्याला सुमारे २८,००० वर आली आणि पुढील प्रत्येक हजार नकाशांचा दर अर्ध्या डॉलरवरून ७ डॉलरवर गेला. उलट, २०२४ च्या जुलैत ओला कंपनीने स्वतःचा नकाशा वापरण्याचे जाहीर केले, आणि त्याच महिन्यात गुगलने भारतापुरते दर ७० टक्क्यांपर्यंत उतरविण्याची घोषणा केली. दर खर्चावर ठरत नव्हता, बाजारातील सत्तेवर ठरत होता, हे यावरून दिसते.

मग पर्याय कोणता? मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचे ‘मॅपल्स’ हे ॲप आहे. स्पर्धा वाढते म्हणून त्याचे स्वागत करावे. परंतु स्वदेशी आणि सामाजिक हे दोन शब्द समानार्थी नाहीत. भागधारकांच्या मालकीचा एक नकाशा सोडून दुसरा धरला, तर मूळ प्रश्न तसाच राहतो.

वेगळ्या प्रकारचा पर्याय २००४ मध्ये ब्रिटनमध्ये जन्मला. तेथील ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ या सरकारी खात्याचे नकाशे नागरिकांना महाग आणि निर्बंधांनी जखडलेले होते. म्हणून स्टीव्ह कोस्ट याने ‘ओपनस्ट्रीटमॅप’ सुरू केला. हा नकाशा कोणीही वापरावा, कोणीही सुधारावा. मात्र सुधारलेली माहिती इतरांसाठी त्याच अटींवर खुली ठेवावी, असा त्याचा परवाना सांगतो. २०१० च्या हैतीतील भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते याच नकाशावर भरले आणि मदतपथकांनी ते वापरले. या माहितीवर चालणारी ‘ऑस्मअँड’, ‘ऑरगॅनिक मॅप्स’, ‘कोमॅप्स’ ही ॲप वाहनचालकाला वाट दाखवितात. नकाशा आधीच मोबाईलवर उतरवून घेतला, की घाटात इंटरनेट नसले तरी काम अडत नाही.

या पर्यायाच्या उणिवा झाकण्यात अर्थ नाही. या ॲपमधून त्या क्षणीच्या वाहतूककोंडीची माहिती सहसा मिळत नाही. पत्ते आणि दुकाने अपुरी असतात. ग्रामीण भागात कित्येक रस्ते नोंदलेलेच नाहीत. दिवसाच्या फेऱ्यांवर ज्याचे पोट आहे, त्या टॅक्सीचालकाला शहरातील गर्दीत जुने ॲप लागणारच. त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. गावोगावच्या प्रवासाला खुला नकाशा आणि गर्दीच्या वेळी दुसरा, अशी तडजोड आज व्यवहार्य आहे.

तरीही या दोहोंत एक मूलभूत फरक आहे. ‘ऑरगॅनिक मॅप्स’ची सूत्रे मूठभर भागधारकांकडे आहेत, ही बाब तेथील स्वयंसेवकांना खटकली. २०२५ मध्ये त्यांतील काही जण वेगळे झाले आणि त्यांनी ‘कोमॅप्स’ उभे केले. आज्ञावली आणि नकाशा दोन्ही खुले असल्यामुळेच त्यांना आपले श्रम बरोबर घेऊन जाता आले. ‘वेझ’च्या स्वयंसेवकांपाशी हा अधिकार नव्हता.

व्यक्तिगत पसंतीने मात्र हा प्रश्न सुटणार नाही. भारत सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, सार्वजनिक पैशातून तयार झालेली भूस्थानिक माहिती, सुरक्षाविषयक गोपनीय भाग वगळता, भारतीयांना सहज उपलब्ध व्हावी असे म्हटले आहे. त्याचा आधार घेऊन बंद रस्ते, खचलेले पूल, धरणाच्या पाण्याखाली जाणारे मार्ग यांची माहिती सार्वजनिक बांधकाम खाते, जलसंपदा खाते आणि जिल्हा परिषदा यांनी वेळच्या वेळी खुली करावी, ही मागणी लावून धरली पाहिजे.

तिच्या जोडीला तालुक्याच्या शाखांनीही काम अंगावर घ्यावे. वाड्या, पाडे, पावसाळ्यात बुडणारे फरशी पूल, कच्च्या वाटा यांची नोंद प्रत्यक्ष पाहणी करून खुल्या नकाशावर करावी. कंपनीच्या नकाशावरून नक्कल करू नये. परवान्याला ते मंजूर नाही. अकोल्याच्या लोकांना जे ठाऊक होते, ते त्या रात्री परक्या चालकाला कळण्याची सोय नव्हती. ती सोय कोणाच्या मेहेरबानीवर न राहता लोकांच्या हक्काची व्हावी, एवढ्यासाठी हा उद्योग करावयाचा आहे.