तिमिशोआरा ते तर्गु मुरेश : तीन महिन्यांचं अंतर



आज आपण युरोपातल्या दोन शेजाऱ्यांबद्दल बोलणार आहोत, हंगेरी आणि रुमानिया. आपल्याकडच्या बातम्यांत हे देश फारसे येत नाहीत. रुमानिया म्हटलं की चाउशेस्कू आठवतो, हंगेरी म्हटलं की रुबिकचा ठोकळा, आणि तिथेच आपली गाडी थांबते. मला या जोडीत रस आहे तो एका प्रश्नामुळे. १९९० च्या सुमारास युरोपचा नकाशा पुढे ठेवून एखाद्या लष्करी अभ्यासकाला विचारलं असतं की, 'बाबा, आता पुढची ठिणगी कुठे?', तर त्यानं एक बोट युगोस्लाव्हियावर ठेवलं असतं आणि दुसरं ट्रान्सिल्व्हेनियावर, म्हणजे या दोघांमधल्या भांडणाच्या प्रदेशावर. युगोस्लाव्हिया पेटला, लाखाहून अधिक माणसं गेली. १९९२ मध्ये तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख म्हणून आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार गेले होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी, म्हणून मुद्दाम सांगतो. ट्रान्सिल्व्हेनियात मात्र शांतिसेना पाठवायची वेळ आलीच नाही. का आली नाही, हे आज बघायचं आहे.

आधी भांडण समजून घेऊ.

पहिल्या महायुद्धापर्यंत ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीच्या राज्यात होता. लोकसंख्येत रुमानियन निम्म्याहून जास्त, पण जमीनदारी, शहरं आणि सरकार बहुतांशी हंगेरियनांच्या हातात. १ डिसेंबर १९१८ ला रुमानियन प्रतिनिधी आल्बा युलिया इथे जमले आणि त्यांनी रुमानियात सामील व्हायचं ठरवलं. ४ जून १९२० च्या त्रियानोंच्या तहानं त्यावर शिक्का बसला. हंगेरीचा दोन तृतीयांश मुलूख गेला. एकट्या रुमानियाला जो भाग मिळाला, तो उरलेल्या हंगेरीपेक्षा मोठा होता. तीस लाखांहून अधिक हंगेरियन भाषक घर न सोडता परदेशी झाले.

१९४० मध्ये जर्मनी आणि इटलीनं व्हिएन्नात निवाडा देऊन उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीला परत दिला. तेव्हा हंगेरियन सैन्यानं काही रुमानियन गावांत कत्तली केल्या. १९४४ मध्ये वारं फिरलं, तेव्हा रुमानियन टोळ्यांनी हंगेरियन गावकरी मारले. युद्धानंतर तो मुलूख पुन्हा रुमानियाकडे आला. म्हणजे एका पिढीच्या आयुष्यात सीमा तीनदा हलली. अशा ठिकाणी लोक शेजाऱ्याकडे बघताना त्याचा चेहरा बघत नाहीत, त्याच्या मागे उभं असलेलं सैन्य बघतात.

मग कम्युनिस्ट राजवट आली. कागदावर दोन्ही देश बंधुराष्ट्रं, दोघंही वॉर्सा करारात, त्यामुळे भांडण आहे असं म्हणायचीच सोय नव्हती. पण आत काय चाललं होतं? हंगेरियन भाषकांसाठी १९५२ मध्ये स्थापन केलेला स्वायत्त प्रदेश १९६८ मध्ये मोडीत काढला गेला. क्लुज शहरातलं हंगेरियन विद्यापीठ १९५९ मध्ये रुमानियन विद्यापीठात विलीन केलं गेलं. १९८८ मध्ये चाउशेस्कूनं हजारो खेडी पाडून लोकांना इमारतींत हलवायची योजना जाहीर केली, तेव्हा त्याविरुद्ध बुडापेस्टमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला. कम्युनिस्ट राजवटीत जुने पूर्वग्रह गेले, असं समजू नका. जखम धुतली नव्हती, नुसती पट्टी बांधली होती.

पूर्वग्रह कसले, तेही सांगतो. हंगेरियन माणूस स्वतःला मध्य युरोपातला समजतो आणि रुमानियनाला बाल्कनमधला, म्हणजे जरा खालचा. रुमानियन माणसाला वाटतं, प्रत्येक हंगेरियनाच्या उशाखाली त्रियानोंपूर्वीचा नकाशा असतो. शाळेच्या पुस्तकांतही दोन इतिहास. रुमानियन मुलगा शिकतो की, आम्ही प्राचीन डेशियन आणि रोमनांचे वंशज, इथे कायमचेच. हंगेरियन मुलगा शिकतो की, आमचे पूर्वज आले तेव्हा ही भूमी जवळजवळ मोकळी होती, रुमानियन मेंढपाळ नंतर आले. 'आधी कोण आलं' हा वाद सातबाऱ्याच्या वादासारखा असतो. तो निकाली लागला तरी मनातून जात नाही.

आता तारखा नीट लक्षात ठेवा.

डिसेंबर १९८९. तिमिशोआरा शहरात लास्लो तोकेश नावाचा हंगेरियन प्रोटेस्टंट पाद्री होता. सरकारवर बोलायचा, म्हणून त्याला घरातून हुसकून दुसरीकडे पाठवायचा हुकूम निघाला. १५ तारखेला त्याच्या मंडळींनी घराभोवती कडं केलं. मग रुमानियन लोक येऊन त्या कड्यात उभे राहिले. ऑर्थोडॉक्स आले, बाप्टिस्ट आले, ज्यांचा कुठल्याच चर्चशी संबंध नव्हता असे तरुण आले. १७ तारखेला गोळीबार झाला. २२ ला चाउशेस्कू हेलिकॉप्टरमधून पळाला, २५ ला त्याला गोळ्या घातल्या गेल्या. एका हंगेरियन पाद्र्याच्या दारात रुमानियन माणसं उभी राहिली, आणि तिथून रुमानियाची क्रांती सुरू झाली. हंगेरीतून औषधं आणि अन्नाचे ट्रक सीमा ओलांडून आले. शंभर वर्षांची कटुता आठवड्यात धुऊन निघाली, असं तेव्हा वाटलं.

मार्च १९९०. स्थळ तर्गु मुरेश, हंगेरियन नाव मारोशवाशारहेय. लोकवस्ती जवळजवळ निम्मी-निम्मी. वाद कशावरून? हंगेरियन शाळा वेगळी असावी का, आणि दुकानावरची पाटी कुठल्या भाषेत असावी. १९ तारखेला आजूबाजूच्या गावांतून आलेल्या रुमानियन जमावानं हंगेरियन पक्षाच्या कार्यालयावर हल्ला केला. आंद्राश शुतो या नामवंत लेखकाचा एक डोळा गेला. दुसऱ्या दिवशी भर चौकात दोन्ही जमाव काठ्या घेऊन भिडले. पाच माणसं मेली, शेकडो जखमी झाली. पोलीस आणि सैन्य आले, पण उशिरा.

त्या दिवसाची एक चित्रफीत जगभर दाखवली गेली. रस्त्यावर पडलेल्या माणसाला लोक मारताहेत. परदेशी वाहिन्यांनी सांगितलं, मार खाणारा हंगेरियन आणि मारणारे रुमानियन. प्रत्यक्षात मार खाणारा रुमानियन होता. प्रत्येकानं आपल्या मनात आधीच असलेली गोष्ट त्या चित्रात पाहिली. पूर्वग्रह काय करतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

डिसेंबर ते मार्च, तीन महिने. तीच माणसं, तोच देश. मग बदललं काय? डिसेंबरमध्ये समोर एकच शत्रू होता, हुकूमशहा. तो गेल्यावर प्रश्न उरला की आता हे राज्य कोणाचं. जुन्या राजवटीतल्या ज्या लोकांना नव्या व्यवस्थेत जागा हवी होती, त्यांना 'देश धोक्यात आहे' ही घोषणा फार उपयोगी पडली. दंगल थांबल्यावर आठवड्याच्या आत, २६ मार्चला, नवी गुप्तचर संस्था स्थापन झाली. दंगल कोणी घडवली, यावर आजही वाद आहेत. फायदा कोणाला झाला, यावर फारसा वाद नाही.

सीमेपलीकडूनही तेल पडत होतं. कम्युनिस्ट राजवटीनंतरचे हंगेरीचे पहिले लोकनियुक्त पंतप्रधान योझेफ अंताल यांनी त्याच वर्षी सांगितलं की, मनानं आपण दीड कोटी हंगेरियनांचे पंतप्रधान आहोत. हंगेरीची लोकसंख्या होती एक कोटीच्या आसपास. उरलेले पन्नास लाख कोणाच्या देशात राहतात, हे शेजाऱ्यांना लगेच कळलं. इकडे क्लुजमध्ये १९९२ ला गेओर्गे फुनार महापौर झाले आणि त्यांनी शहरातली बाकंसुद्धा रुमानियन झेंड्याच्या तीन रंगांत रंगवली.

तरीही लढाई झाली नाही. मला चार कारणं दिसतात.

पहिलं कारण शस्त्रांचं. युगोस्लाव्हियात प्रत्येक प्रजासत्ताकाकडे प्रादेशिक संरक्षण दल होतं, म्हणजे भांडायच्या आधीच शस्त्रागारं वाटलेली. रुमानियात सैन्य एकच राहिलं आणि ते फुटलं नाही. अल्पसंख्याकांच्या हातात बंदुका नव्हत्या. संताप दोन्हीकडे सारखाच होता, पण संतापाला दारूगोळा लागतो.

दुसरं, भूगोल. हंगेरियन बहुसंख्य असलेले हार्गिता आणि कोवास्ना हे जिल्हे सीमेला लागून नाहीत, रुमानियाच्या पोटात आहेत. सीमारेषा थोडी सरकवून प्रश्न सोडवता येईल, हा मोह तिथे चालतच नाही.

तिसरं, हंगेरियनांच्या पक्षानं संसदेचा रस्ता धरला. मे १९९० च्या निवडणुकीत त्यांना सात टक्क्यांच्या वर मतं मिळाली आणि ते संसदेतले दुसऱ्या क्रमांकाचे ठरले. दंगलीनंतर दोन महिन्यांत! १९९६ मध्ये तर ते सरकारात सामील झाले.

चौथं कारण माझ्या व्यवसायाच्या जवळचं. फौजेत आम्हाला शिकवतात, समोरच्याचा हेतू ओळखता येत नाही, म्हणून त्याची ताकद मोजा. पण दोघंही एकमेकांची ताकद अंदाजानं मोजू लागले की भीती वाढत जाते. १९९१ मध्ये या दोन देशांनी आपापलं आकाश एकमेकांच्या निःशस्त्र टेहळणी विमानांना उघडं करण्याचा करार केला. अनेक देशांचा मोठा 'ओपन स्काइज' करार व्हायला अजून एक वर्ष होतं. ज्यांच्यात विश्वास नव्हता, त्यांनीच हे आधी केलं. विश्वास नव्हता म्हणूनच केलं, असं मी म्हणेन.

पुढे नाटोनं १९९५ मध्ये स्पष्ट केलं की शेजाऱ्यांशी वाद असतील तर ते मिटवून या. १६ सप्टेंबर १९९६ ला दोन्ही पंतप्रधानांनी मैत्रीच्या करारावर सह्या केल्या, आणि त्या कुठे, तर तिमिशोआरात. हंगेरीनं सीमा मान्य केली, रुमानियानं अल्पसंख्याकांचे हक्क. दोन्ही देशांत 'विकलं, विकलं' म्हणून ओरड झाली. १९९८ मध्ये संयुक्त शांतिसेना बटालियनचा करार झाला, निम्मे जवान यांचे, निम्मे त्यांचे. ज्याला आजोबांनी शत्रू म्हटलं, त्याच्याबरोबर सराव करायचा म्हणजे आधी त्याच्या वायरलेसवरचे शब्द शिकावे लागतात.

मग पूर्वग्रह गेले का? नाही. ते वापरण्याची किंमत वाढली होती, एवढंच. नाटो आणि युरोपीय संघाच्या दारात उभं असताना भांडण महाग पडत होतं. हंगेरी १९९९ ला नाटोत आणि २००४ ला युरोपीय संघात गेला, रुमानिया २००४ आणि २००७ ला. परीक्षा संपली आणि अभ्यास सुटला. हंगेरीनं २०१० मध्ये शेजारच्या देशांतल्या हंगेरियनांना घरबसल्या नागरिकत्व देणारा कायदा केला आणि ४ जून हा राष्ट्रीय ऐक्याचा दिवस ठरवला. २०२० मध्ये रुमानियानं त्याच ४ जूनला त्रियानों दिन म्हणून मान्यता दिली. तारीख एक, एकाचं सुतक, दुसऱ्याचा सण.

२०१९ मध्ये ऊझ खोऱ्यातल्या लष्करी दफनभूमीत क्रूसांवरून धक्काबुक्की झाली. तिथे दोन्ही महायुद्धांत पडलेले निरनिराळ्या देशांचे सैनिक पुरलेले आहेत. सैनिक म्हणून सांगतो, मला याचं फार वाईट वाटलं. मेलेल्या जवानाला शत्रू नसतो. जिवंतांना त्याच्या नावानं शत्रू हवा असतो.

पण शेवटची गोष्ट ऐका. मे २०२५ मध्ये रुमानियात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला जॉर्जे सिमियोन, ऊझच्या प्रकरणात पुढे असलेले राष्ट्रवादी नेते. दुसऱ्या बाजूला निकुशोर दान. हंगेरीचे पंतप्रधान ओर्बान यांनी जाहीर भाषणात सिमियोन यांच्याबद्दल अनुकूल सूर लावला. रुमानियातल्या हंगेरियनांनी काय केलं? हार्गितात सुमारे ९० टक्के मतं दान यांना पडली, आणि दान निवडून आले. ज्यांच्यावर शंभर वर्षं 'तुमची निष्ठा बुडापेस्टला' असा आरोप झाला, त्यांनी बुडापेस्टचा इशारा बाजूला ठेवला आणि आपण राहतो त्या देशाचा, आपल्या हिताचा विचार केला.

या हंगेरियनांची संख्या १९९२ च्या जनगणनेत सोळा लाख होती, २०२१ मध्ये दहा लाख. मारामारीनं नव्हे, बरेच जण नोकरीधंद्यासाठी बाहेर गेले म्हणून. रुमानियनही तसेच लाखोंनी गेले. १ जानेवारी २०२५ पासून त्या सीमेवरची तपासणीही बंद झाली. जिच्यासाठी इतकं रक्त सांडलं, त्या रेषेवरून आता ट्रक न थांबता जातात.

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण मराठी मुलुखाबाहेर राहता. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी, म्हणून माणसाची निष्ठा फाटत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. शेजाऱ्याबद्दल मनात पूर्वग्रह असणं हा गुन्हा नाही, तो सगळ्यांच्याच मनात असतो. तो कोण वापरतंय आणि वापरणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागतेय का, यावर नजर ठेवावी लागते. तिमिशोआरातली माणसं संत नव्हती आणि तर्गु मुरेशमधली राक्षस नव्हती. मध्ये फक्त तीन महिने होते, आणि त्या तीन महिन्यांत पहारा ढिला पडला होता.